प्रकाशाला पीळ घालणारी नक्षी

दिवाळी जवळ आली की घरोघरी साखरेचा पाक होऊ लागतो. तो एकतारी झाला की दोनतारी, यावर स्वयंपाकघरात मतभेद होतात, आणि लाडू वळले जाईपर्यंत कोणाचे खरे ते काही ठरत नाही. परंतु याच पाकाचा एक गुण असा आहे की, त्याच्याबद्दल कधी वाद झाल्याचे ऐकिवात नाही. कारण तो कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही! पाकातून प्रकाश आरपार गेला की पाक त्याला पीळ घालतो. लाडू साधोत वा बिघडोत, या कामात पाक कधी चुकत नाही.

हा पीळ म्हणजे काय, साखरेला तो कसा घालता येतो, आणि आज केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक खांबांची नक्षी काचेवर उभी करून माणूस तोच पीळ हवा तसा, हवा तेवढा आणि हवा तिथे कसा घालू लागला आहे, ही हकीकत मला वाचकांना सांगायची आहे. मी चाळीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. त्यातली एवढी मनोरंजक आणि आपल्या इतक्या जवळची हकीकत दुसरी नसेल. जवळची अशासाठी की, तिच्या दोन महत्त्वाच्या वळणांवर आपलीच दोन माणसे उभी आहेत.

डोळ्याला न कळणारी दिशा

एक लांब दोरी घ्या. तिचे एक टोक खिडकीच्या गजांमधून पलीकडे नेऊन खुंटीला बांधा आणि दुसरे टोक हातात धरून झटके द्या. हात वर-खाली हलवला तर लाट उभी हेलकावत जाईल. आडवा हलवला तर ती आडवी सरपटत जाईल. खिडकीचे गज उभे असतील तर उभी लाट त्यांच्यामधून बिनबोभाट निघून जाईल, आणि आडवी मात्र गजांवर आपटून तिथेच जिरेल. लाट तीच, तिचा जोर तोच. फरक फक्त तिच्या हेलकाव्याच्या दिशेचा.

प्रकाश ही अशीच एक लाट आहे. रेडिओच्या लहरी, क्ष-किरण आणि दिव्याचा उजेड ही सारी एकाच विद्युच्चुंबकीय कुळातली भावंडे. या लहरींत विजेचे बळ हेलकावत असते, आणि ते लहर पुढे जाते त्या दिशेला काटकोन करून हेलकावते. सूर्याच्या वा दिव्याच्या प्रकाशात सर्व दिशांचे हेलकावे गर्दीसारखे मिसळलेले असतात. ही गर्दी चाळून एकाच शिस्तीचे हेलकावे वेगळे काढले, म्हणजे त्या प्रकाशाचे ‘ध्रुवण’ झाले असे म्हणतात. वर्तमानपत्रांतले राजकीय ध्रुवीकरण वेगळे; त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही!

प्रकाश किती प्रखर आहे ते आपल्या डोळ्याला कळते, त्याचा रंगही कळतो. परंतु हेलकाव्याच्या दिशेबाबत आपण जवळजवळ आंधळे आहोत. मधमाशी या बाबतीत आपल्यापेक्षा भाग्यवान. आकाशाच्या निळ्या प्रकाशातील ध्रुवण ओळखून ती घरची वाट धरते, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले.

आपल्याला ही दिशा पाहायची तर युक्ती करावी लागते. घरात कोणाजवळ ‘पोलराइज्ड’ गॉगल असेल तर तो मागून घ्या. नुसता काळ्या काचांचा चालणार नाही. लॅपटॉपचा पडदा कोरा पांढरा करा आणि गॉगलची एक काच त्याच्यासमोर धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत पडदा स्वच्छ दिसेल, पाव फेरा दिलात की काळाकुट्ट होईल. पडद्यातून निघणारा प्रकाश एकाच दिशेने हेलकावणारा असतो, आणि गॉगल म्हणजे त्या खिडकीचे गज.

आता गॉगल काळोखाच्या स्थितीत ठेवून मध्ये काचेची चौकोनी बरणी ठेवा. (प्लॅस्टिकची नको, प्लॅस्टिक स्वतःच रंग दाखवते.) बरणीत पाणी असेल तर काळोख कायम राहील. पाणी ओतून देऊन स्वच्छ गाळलेला, निवालेला पाक भरा. काळोख फुटेल आणि मागून उजेड डोकावू लागेल. गॉगल थोडा थोडा फिरवलात तर पाक निळा, पिवळा, तांबूस असे रंग बदलील. पाकाने हेलकाव्याची दिशा फिरवली, आणि निळ्या रंगाची तांबड्यापेक्षा जास्त फिरवली, म्हणून ही रंगांची आतषबाजी. तीही बिनधुराची आणि बिनआवाजाची!

साखर कारखान्यातील नळी

ही नुसती मौज नव्हे. आपल्या महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत याच गुणावर उसाच्या रसातील साखर मोजतात. एका लांब नळीत गाळून स्वच्छ केलेला रस भरायचा, एका बाजूने ध्रुवित प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने तो किती अंशांनी फिरला ते वाचायचे. त्या यंत्राचे नाव पोलरीमीटर, आणि आकड्याला कारखान्याच्या बोलीत ‘पोल’ म्हणतात. उसात किती साखर आली आणि गाळपाच्या वाटेवर किती गळाली, याचा हिशेब या आकड्यावरून लागतो. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो, हे शेतकऱ्यांच्या घरी लहान मुलालाही ठाऊक असते. प्रकाश किती अंश फिरला हा प्रश्न तेव्हा केवळ पंडितांचा राहत नाही. तो घरखर्चाचाही होतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, ऊस पिकवणाऱ्या घरातली. हा भाग शिकवताना तिने विचारले, “सर, साखरेच्या रेणूचा आकारच पिळाचा असतो, म्हणून ती प्रकाश फिरवते, हे समजले. पण निसर्गाने दिलेला पीळच आपण का वापरायचा? आपल्याला हवा तसा पीळ आपणच बनवला तर?”

मी तिला जगदीशचंद्र बोस यांचा एक निबंध वाचायला दिला. त्या निबंधाची गोष्ट आता सांगतो. पण तिच्यामागची पार्श्वभूमी थोडी हवी.

राजवाड्याच्या खिडक्या आणि कुत्र्याचे मूत्र

१८०८ साली पॅरिसमध्ये एटिएन लुई मालूस हा तरुण आपल्या घरातून लक्झेंबुर्ग राजवाड्याकडे पाहत होता. राजवाड्याच्या तावदानांवर मावळतीचे ऊन चमकत होते. मालूसच्या हाती आइसलंडचा स्फटिक होता. या स्फटिकातून पाहिले की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्याने स्फटिक फिरवताच तावदानांवरील सूर्याची एक प्रतिमा मंदावू लागली आणि दुसरी उजळू लागली. काचेवरून परतलेल्या प्रकाशाला दिशेची शिस्त लागते, हे अशा रीतीने माणसाला कळले. ‘ध्रुवण’ हे नाव मालूसचेच. पुढे चारच वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला.

गॉगलची कथा याहून विचित्र आहे. १८५२ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे विल्यम हेरापथ नावाच्या वैद्याच्या विद्यार्थ्याने क्विनाइन खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले, तेव्हा त्यात हिरवट चकचकीत स्फटिक तयार झाले. हे स्फटिक एका दिशेचे हेलकावे अडवतात आणि दुसरीचे सोडतात, हे हेरापथने ओळखले. ते फार नाजूक आणि बारीक होते. १९२९ साली एडविन लँड या अमेरिकन तरुणाने असे असंख्य कण एका पारदर्शक पापुद्र्यात एकाच दिशेने मांडले आणि स्वस्त ध्रुवक बनवला. पुढे त्याने कुत्र्याचे आणि क्विनाइनचे स्फटिकही सोडून दिले. ताणलेल्या प्लॅस्टिकमधील आयोडीनच्या साखळ्यांवर काम भागले. ‘पोलरॉइड’ ती हीच.

या दोन कथांत फरक काय? मालूसचा स्फटिक निसर्गाने घडवलेला होता. लँडने मात्र कण मिळतील तसे घेतले आणि त्यांची मांडणी आपल्या मर्जीने केली. द्रव्याइतकीच मांडणी महत्त्वाची! हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. आणि ते लँडच्या आधी तीस वर्षे एका माणसाने कलकत्त्यात सिद्ध करून दाखवले होते.

कलकत्त्याची सुतळी

जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ याने १८८८ च्या सुमारास विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निर्माण केल्या आणि त्या प्रकाशाच्याच जातीच्या असल्याचे दाखवले. लाकडी चौकटीत तांब्याच्या समांतर तारा ताणून त्याने त्या लहरींचे ध्रुवणही तपासले. गंमत म्हणजे इथे दोरीच्या खेळाच्या उलट घडते: तारा हेलकाव्याच्या दिशेने असतील तर त्यांतून वीज धावू लागते आणि लहर अडते; आडव्या असतील तर ती निघून जाते. हर्ट्झही छत्तिसाव्या वर्षीच गेला.

हर्ट्झच्या लहरी हातभर लांबीच्या, त्यामुळे उपकरणेही दांडगी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांनी या लहरी अवघ्या काही मिलिमीटरांवर आणल्या आणि सारी प्रयोगशाळा टेबलावर मांडली. त्या काळी त्याच कामासाठी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकापेक्षा कमी वेतन मिळे. बोसांनी निषेध म्हणून तीन वर्षे वेतनाला हात लावला नाही, पण शिकवणे सोडले नाही. उपकरणे बनवायला त्यांच्या मदतीला होता एक साधा पत्र्याचे काम करणारा कारागीर. आगगाड्यांचे ब्रॅडशॉ वेळापत्रक घेऊन त्याच्या पानापानांत त्यांनी जस्ताच्या वर्खासारखा कथलाचा पातळ पत्रा घातला, आणि झाला लहरींचा ध्रुवक! गाड्या वेळेवर येवोत न येवोत, वेळापत्रक विज्ञानाच्या कामी आले.

१८९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात बोसांचा जो निबंध छापून आला, तो मी त्या मुलीला दिला होता. त्यात बोसांनी बंगालचा ताग घेतला. तागाच्या तंतूंची जुडी करून तिला पीळ दिला आणि ती लहरींच्या वाटेत ठेवली. लहरीच्या हेलकाव्याची दिशा फिरली! उजवा पीळ दिलेल्या जुड्यांनी ती एका बाजूला फिरली, डावा पीळ दिलेल्यांनी दुसऱ्या बाजूला. दोन्ही जातींच्या जुड्या सारख्या संख्येने मिसळल्या, तेव्हा एकीचे काम दुसरीने पुसून टाकले. साखरेच्या पाण्यात काय घडत असेल, त्याची ही मुद्दाम बनवलेली प्रतिकृती होती. ताग्याची जुडी म्हणजे जणू मोठ्या आकाराचा साखरेचा रेणू.

तागात गोडी नाही, साखरेचा कणही नाही. तरी तो साखरेसारखा वागला, कारण त्याची घडण साखरेसारखी होती. पदार्थ कशाचा आहे याहून तो कसा रचला आहे याला लहर मान देते. मात्र एक अट आहे: ही घडण लहरीच्या लांबीच्या मानाने लहान, निदान तिच्या बरोबरीची हवी. समुद्राच्या लाटेला वाळूचे कण एकेक मोजता येत नाहीत, तिला सलग किनाराच जाणवतो. तद्वतच बारीक घडणीचे तुकडे लहरीला सुटे दिसत नाहीत, त्यांचा एकत्रित स्वभाव तेवढा जाणवतो.

रांगोळी, पण खांबांची

मग हीच सुतळी उजेडासाठी का वळू नये? अडचण एकच. बोसांची लहर काही मिलिमीटरांची होती. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही आखूड. ‘सुतळी’ही तेवढी बारीक हवी. असे काम करणारा कारागीर तेव्हा कोठेच नव्हता. तो मिळाला संगणकाच्या चकत्या कोरणाऱ्या कारखान्यांत. सिलिकॉनवर नॅनोमीटरच्या मापाच्या रेघा उठवण्याचे जे तंत्र गेल्या काही दशकांत वाढले, तेच इथे उपयोगी पडले.

२०११ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फेडेरिको कापासो यांच्या गटाने एका सपाट पृष्ठावर सोन्याचे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे अतिसूक्ष्म तुकडे ओळीने मांडले. प्रत्येक तुकड्याचा कोन आणि बाहूंची लांबी किंचित वेगळी. त्या पृष्ठावर अवरक्त प्रकाश टाकताच त्याचा काही भाग शाळेतल्या पुस्तकाच्या नियमाने न जाता भलत्याच कोनात वळला, आणि त्याच्या हेलकाव्याची दिशाही बदलली. पृष्ठ कागदाहून कितीतरी पातळ, पण त्याने जाड लोलकाचे काम केले. अशा पृष्ठांना ‘मेटासर्फेस’ हे नाव रूढ झाले. मी आपला त्यांना ‘नक्षीपृष्ठ’ म्हणतो.

आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची कल्पना करा. ठिपके सारख्या अंतरावर आहेत, परंतु प्रत्येक ठिपक्याच्या जागी गोल ठिपका न देता एक छोटी वीट उभी केली आहे. ही वीट म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइडचा किंवा सिलिकॉनचा खांब, उंची सुमारे ६०० नॅनोमीटर. तिच्या लांब बाजूने हेलकावणारा प्रकाश तिच्यातून सावकाश जातो, रुंद बाजूने हेलकावणारा त्या मानाने लवकर. दोघे एकदम निघाले तरी एक मागे पडतो. कोण किती मागे पडावा हे विटेची लांबी-रुंदी ठरवते. आणि दिशा कोणती धरावी हे वीट किती वळवून उभी केली त्यावर.

एक भाग दुसऱ्याच्या अर्धी लहर मागे पडला, तर हेलकाव्याची दिशा विटेच्या दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखी उलटते. पाव लहर मागे पडला, तर आणखी मौज होते: हेलकावा सरळ न राहता मळसूत्रासारखा गोल फिरत पुढे जातो, उजवीकडे किंवा डावीकडे. पूर्वी एवढ्यासाठी अभ्रकाचा वा गारेचा स्फटिक तासून घ्यावा लागे, आणि साऱ्या स्फटिकाचा स्वभाव एकच असे. नक्षीपृष्ठावर दर ठिपक्याला निराळा स्वभाव देता येतो. निसर्गाकडून मिळालेले कापड बेतण्याऐवजी आपणच धागा-धागा विणण्यासारखे आहे हे.

पंचरत्नम यांचे ऋण

आता दुसऱ्या वळणावरचा आपला माणूस. १९५६ साली बंगलोरला, सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत, त्यांचाच बावीस वर्षांचा भाचा स्फटिकांतील ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करीत होता. त्याचे नाव एस. पंचरत्नम. प्रकाशाच्या हेलकाव्याची तऱ्हा एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेऊन पुन्हा पहिलीवर आणली, तर लहर मूळपदावर येते का? पंचरत्नम यांनी दाखवले की तऱ्हा जुनीच परत मिळते, परंतु लहरीचे पाऊल पुढे किंवा मागे सरकलेले असते, आणि किती सरकले हे प्रवासाच्या आकारावर ठरते.

ऐकायला गूढ वाटेल, म्हणून एक संत्रे हातात घ्या. त्याच्या देठाशी एक काडी आडवी ठेवा. काडी स्वतःभोवती मुळीच न वळवता ती देठापासून मधल्या रेषेपर्यंत खाली न्या, मधल्या रेषेवरून पाव फेरा मारा आणि तिथून पुन्हा सरळ देठाशी आणा. वाटेत तुम्ही काडीला एकदाही पीळ दिला नाहीत, तरी ती काटकोनात फिरलेली दिसेल! संत्र्याच्या गोलाईने ते काम केले. प्रकाशाच्या साऱ्या तऱ्हाही अशाच एका गोलावर मांडता येतात, आणि त्या गोलावरच्या फेरफटक्याची खूण लहरीवर राहते.

पंचरत्नम यांचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला आणि जवळजवळ तीस वर्षे कपाटात राहिला. १९६९ साली ऑक्सफर्ड येथे, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पंचरत्नम वारले. १९८४ साली इंग्लंडातील मायकेल बेरी यांनी हेच तत्त्व पुंजयामिकीत स्वतंत्रपणे मांडले आणि त्याचा जगभर बोलबाला झाला. १९८६ मध्ये रामशेषन आणि राजाराम नित्यानंद या बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी जुन्या निबंधाकडे बोट दाखवले. बेरी १९८७ मध्ये बंगलोरला आले, निबंध वाचला, आणि पंचरत्नम यांचे श्रेय त्यांनी मोकळ्या मनाने जाहीर केले. एवंच, श्रेय मिळाले. ते घ्यायला माणूस राहिला नव्हता.

नक्षीपृष्ठांशी याचा संबंध अगदी सरळ आहे. गोल फिरणारा प्रकाश अर्ध्या लहरीच्या विटेतून गेला की त्याचा फेरा उलटतो, आणि वीट जितके अंश वळवलेली असेल त्याच्या दुप्पट अंशांनी लहरीचे पाऊल सरकते. विटा सगळ्या एकाच मापाच्या ठेवा आणि नुसत्या निरनिराळ्या कोनांत उभ्या करा. एवढ्यावर सपाट काच भिंगासारखी प्रकाश एकवटू लागते. या पद्धतीला जगभर ‘पंचरत्नम-बेरी’ असेच म्हणतात.

“याचा उतारा किती?”

ती ऊसवाल्या घरची मुलगी पुढे याच विषयात गेली. गेल्या वर्षी तिने मला तिची प्रयोगशाळा पाहायला बोलावले. तिचे वडीलही गावाहून आले होते. धूळ जाऊ नये म्हणून आम्हा दोघांनाही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे चढवावे लागले. चिमट्यात धरून तिने काचेचा एक तुकडा दाखवला. त्यावर नखाएवढा चौकोन होता. तिरका धरला की पारव्याच्या मानेसारखी झाक मारणारा, सरळ धरला की जवळजवळ नाहीसा होणारा. एवढ्याशा जागेत कोट्यवधी खांब आहेत असे तिने सांगितले.

आबांनी तो बराच वेळ निरखला आणि मला विचारले, “का हो सर, ह्याचा उतारा किती पडतो?”

आम्ही हसलो, पण मुलगी हसली नाही. “आबा, नेमका हाच प्रश्न आहे,” ती म्हणाली, आणि तिने त्यांना समजावून सांगितले. सोन्याच्या पहिल्या नक्षींचा उतारा कमी होता. धातू प्रकाश गिळतो. शिवाय तसल्या एकेरी पातळ थरातून दिशा बदललेला प्रकाश चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त मिळणे तत्त्वतःच शक्य नसते. म्हणून पारदर्शक खांब आले. २०१५ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आंद्रेई फारॉन यांच्या गटाने सिलिकॉनच्या अंडाकृती खांबांची पृष्ठे केली. त्यांतून लहरीचे पाऊल आणि हेलकाव्याची तऱ्हा दोन्ही हवी तशी बदलता आली, आणि उतारा पडला ७२ ते ९७ टक्के. आबांनी मान डोलावली. साखरेचा उतारा दहा-बारा टक्क्यांत मोजणाऱ्या माणसाला हे आकडे पटायला वेळ लागला असावा!

उपयोगांची यादी मोठी आहे. २०१९ साली हार्वर्डच्याच गटाने एका नक्षीपृष्ठाच्या जोरावर असा कॅमेरा केला की, तो एका टिपणात दृश्याचे संपूर्ण ध्रुवण नोंदवतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही. पृष्ठ प्रकाशाला चार वाटांना लावते आणि प्रत्येक वाटेवर निराळी तऱ्हा मोजली जाते. माणसाची त्वचा आणि तिची हुबेहूब नक्कल करणारा मुखवटा, साधा रस्ता आणि बर्फाने गुळगुळीत झालेला रस्ता, हे डोळ्याला सारखे दिसले तरी ध्रुवणात वेगळे उमटतात. २०२२ साली अशी सपाट नक्षी अंतर मोजणाऱ्या छोट्या संवेदकांत बसून बाजारातही आली.

उणिवा नाहीत असे नाही. एका रंगासाठी बेतलेली नक्षी दुसऱ्या रंगाशी तितकी इमानी राहत नाही. मोठ्या आकाराची पृष्ठे करणे खर्चाचे आहे. खांबांच्या मापात काही नॅनोमीटरांची चूक झाली तरी काम बिघडते, आणि ते कोरणारी यंत्रे फार थोड्या ठिकाणी आहेत. बोसांना पत्र्याचा कारागीर आणि बाजारातला ताग पुरला; आजच्या संशोधकाला तेवढ्यावर भागवता येत नाही. प्रयोगशाळेत यंत्रावर पाळी मिळायला महिना महिना थांबावे लागते, हे त्या मुलीने सांगितले, तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण घाई होती.

घाई कशाची, ते नंतर कळले. तिच्या मनात पोलरीमीटर आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत टेबलभर जागा व्यापणाऱ्या यंत्राचे काम नखाएवढ्या नक्षीने केले, तर ते खिशात मावेल. बांधावर उभे राहून शेतकऱ्यालाच आपल्या उसातील साखर मोजता येईल. ऊस आज तोडावा की आठ दिवसांनी, हे त्याचे त्याला ठरवता येईल. रस गढूळ असतो, तो गाळून स्वच्छ केल्याखेरीज प्रकाश नीट जात नाही. अंशाचा लहानसा भागही अचूक वाचता आला पाहिजे. आणि किंमत शेतकऱ्याच्या आवाक्यातली हवी. या तिन्ही गोष्टी व्हायच्या आहेत. त्या होतील की नाही हे कोणी आज छातीठोक सांगू शकणार नाही.

मी तिला विचारले, “हे परदेशात लवकर झाले नसते का?”

“झाले असते, सर,” ती म्हणाली, “पण तिथे उसाचा उतारा कोण विचारणार?”

मला बोसांची तागाची जुडी आठवली. लंडनच्या विद्वानांसमोर मांडायच्या प्रयोगासाठी त्यांनी आपल्या मातीतला, रोजच्या वापरातला ताग उचलला होता. पंचरत्नम यांनी आपला निबंध आपल्याच देशातील नियतकालिकात दिला होता. तो उघडून वाचायला मात्र आपल्याला तीस वर्षे लागली. या मुलीचे काम फळाला येवो अथवा न येवो, ते काय आहे हे निदान तिच्या हयातीत, तिच्या गावाला आणि आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाक गाळून निवू द्या, गॉगल मिळवा, आणि मुलांना तो काळोख फुटताना दाखवा. त्यांच्यातले एखादे विचारील, “हा पीळ आपल्याला घालता येईल का?” त्याला उत्तर देण्याची घाई करू नका. त्याच्या हातात सुतळी द्या.